निळ्या खाडीतली गप्प होडी

नोव्हेंबरचा दुसरा मंगळवार, सकाळची मीटिंग. ठिकाण अंधेरी पूर्व, आमच्या ऑफिसची छोटी मीटिंग रूम. हजर: अय्यर सर (आमचे डिलिव्हरी हेड), गिरीश (डेव्हलपर, बोरिवलीहून येतो), पूर्वा (गेम खेळणाऱ्यांच्या तक्रारी वाचते) आणि मी, सुजाता (प्रोजेक्ट मॅनेजर, मिनिट्स म्हणजे मीटिंगची नोंद लिहिणारी). क्लायंट कॉलवर येणार होता, आला नाही. अजेंड्यावरचे मोठे विषय उरकले होते. शेवटचा होता ‘तक्रारी, किरकोळ’.

पूर्वाने लॅपटॉपवरून वाचलं, ‘‘माझा मुलगा रोज होडीत येतो. माझ्या समोर बसतो. पण बोलत नाही. आधी बोलायचा. तुमच्याकडून काय झालंय ते बघा. रेजिना, मढ.’’

गिरीशला हसू आलं. ‘‘ताई, मुलगा आईशी बोलत नाही हा बग नाहीये. माझी आई पण हेच म्हणते.’’

‘‘कारण तू खरंच बोलत नाहीस,’’ पूर्वा म्हणाली. ‘‘काकूंनी मागे मला फोन करून विचारलं होतं, हा जेवतो का म्हणून.’’

‘‘पोलाइटली क्लोज कर,’’ अय्यर सर उठता उठता म्हणाले. ‘‘नेटवर्क इश्यू लिहून टाक.’’

मी मात्र मिनिट्समध्ये लिहिलं: ‘रेजिना, मढ. होडीतला मुलगा. बघणे: सुजाता.’ माझी पद्धतच तशी आहे. ज्या गोष्टीपुढे कोणाचं तरी नाव नाही, ती गोष्ट ऑफिसमध्ये कोणीच करत नाही.

‘निळी खाडी’ हा गेम आमचा नाही, क्लायंटचा. आम्ही त्याची चॅट सांभाळणारा बॉट बनवत होतो. या गेममध्ये मारामारी नाही. प्रत्येकाला एक होडी मिळते. ती रंगवायची, तिला नाव द्यायचं, जाळं टाकायचं, मासे विकून कॉइन्स मिळवायचे आणि त्यातून कंदील विकत घ्यायचे. तिथे कायम संध्याकाळ असते. सूर्य पाण्याला टेकलेला असतो आणि बुडत नाही. खाडीत सगळ्यांना दिसेल असं लिहिता येतं, किंवा ओळखीची माणसं एकाच बंद होडीत बसून आपसात लिहून गप्पा मारू शकतात.

टेस्टिंगच्या दिवसांत मी डबा खाल्ल्यावर थोडा वेळ टेस्ट सर्व्हरवरच्या, म्हणजे फक्त आमच्यासाठी उघडलेल्या, रिकाम्या खाडीत होडी सोडून बसायचे. कामच होतं ते. पण हळूहळू एसीची घरघर लाटांसारखी वाटायला लागायची. समोरच्या बिल्डिंगच्या निळ्या काचा पाण्यासारख्या हलायच्या, कारण खालून ट्रक गेला की आमचा मजला किंचित हलतो. कोणी हाक मारली की आपण कुठून तरी परत आलो असं वाटायचं.

आता बॉटबद्दल. चॅट मॉडरेशन बॉट म्हणजे गप्पांच्या दारात बसवलेला राखणदार. कोणी घाण बोललं तर तो ओळ अडवतो. फारच झालं तर त्या माणसाला म्यूट करतो, म्हणजे गप्प बसवतो. त्यासाठी त्याला आधी घाण शिकवावी लागते. हे काम आम्ही मन लावून केलं होतं. शिव्यांची शीट मीच सांभाळत होते. कॉलम: भाषा, तीव्रता, कोण कोणाला देतो. ऑफिसमधल्या प्रत्येकाने आपल्या गावाकडचा माल आणून दिला. पॅन्ट्रीतले मावशी-काकाही मागे राहिले नाहीत. गिरीश मालवणी. तो म्हणाला, ‘‘ताई, माझी आजी मला ज्या नावाने जेवायला बोलावते, ते तू लालमध्ये, सगळ्यात घाण शिव्यांत, टाकलंयस.’’ मग आम्ही नवा कॉलम केला: ‘प्रेमाने’. प्रेमाने दिलेली शिवी बॉटने सोडून द्यायची. त्या कॉलमचा आम्हाला फार अभिमान होता. क्लायंटच्या प्रेझेंटेशनमध्ये त्याची स्वतंत्र स्लाइड होती.

शिव्यांपेक्षा जास्त त्रास होता कॉइन विकणाऱ्यांचा. ही माणसं गेममध्ये येऊन एकच ओळ पुन्हा पुन्हा टाकतात: स्वस्तात कॉइन्स, या नंबरवर या. आणि लोकांना फसवतात. त्यांना म्यूट केलं की त्यांना लगेच कळतं, आणि ते नवं अकाउंट काढून हजर होतात. म्हणून क्लायंटने ‘सायलेंट म्यूट’ मागितला. यात म्यूट झालेल्या माणसाला काहीच सांगायचं नाही. तो लिहितो, त्याची ओळ त्याच्या स्क्रीनवर नीट दिसते. बाकी कोणालाही ती दिसत नाही. तो आपला एकटाच ओरडत राहतो. नियम सोपा होता: तीच ओळ, किंवा जवळपास तीच ओळ, परत परत आली की सायलेंट म्यूट. पुन्हा आली की म्यूट लांबवायचा. विकणारे ओरडत राहिले, खाडी शांत झाली, क्लायंट खूश झाला.

मीटिंगनंतर मी पूर्वाला घेऊन डॅशबोर्ड उघडला. डॅशबोर्ड म्हणजे बॉटने काय काय अडवलं ते दाखवणारं पान. पोचलेल्या ओळी काळ्या, अडवलेल्या राखाडी. रेजिनाबाईंच्या होडीचं नाव होतं ‘जीवनज्योत’. त्यात दोनच माणसं: त्या आणि जोएल, त्यांचा मुलगा. होडीवर निळा-पांढरा पट्टा, पुढे एक छोटा क्रूस रंगवलेला.

पान खाली सरकवत गेलो तसं सगळं राखाडी होत गेलं. आईच्या नावापुढे ‘नमो मरिये, कृपापूर्णे’. पुन्हा तेच. पुन्हा तेच. मुलाच्या नावापुढे ‘हे पवित्र मरिये, देवाच्या माते’. पुन्हा तेच.

‘‘ही रोझरी आहे,’’ पूर्वा हळूच म्हणाली. ती मुलुंडच्या कॉन्व्हेंटमधली. ‘‘आमच्या सिस्टर घ्यायच्या. एकाने अर्धी प्रार्थना म्हणायची, बाकीच्यांनी उरलेली अर्धी. मण्यामागे मणी. दहादा झालं की थोडं थांबायचं, मग परत.’’

म्हणजे सायलेंट म्यूट सुरू झाला त्या पहिल्याच संध्याकाळी दोघंही म्यूट झाले होते. जवळजवळ एकाच मिनिटाला. बॉटच्या दृष्टीने ते कॉइन विकत होते.

मग आम्ही दोन स्क्रीन शेजारी शेजारी लावले. एकावर आईला जे दिसत होतं ते, दुसऱ्यावर मुलाला. त्याच होडीत, त्याच न बुडणाऱ्या सूर्यासमोर दोघं बसलेले. तिच्या स्क्रीनवर फक्त तिची अर्धी प्रार्थना. त्याच्या स्क्रीनवर फक्त त्याची. पहिल्या काही ओळींनंतर दोघांनीही वाट पाहिली होती. मधली वेळ वाढत गेली होती. मग पुढच्या कुठल्यातरी संध्याकाळपासून तिने दोन्ही अर्ध्या स्वतःच लिहायला घेतल्या होत्या. तिकडे, तिला न दिसता, त्यानेही तेच केलं होतं. दोघं पूर्ण प्रार्थना एकेकटे म्हणत होते, आणि जितकी जास्त म्हणत होते तितका बॉट म्यूट लांबवत होता.

पूर्वाने लॅपटॉप थोडा बंद केला, पूर्ण नाही. ‘‘ताई, हे आपण वाचायचं असतं का?’’

‘‘तपासायला वाचायचं. सांगायचं नसतं,’’ मी म्हणाले. नियम स्पष्ट आहे. एका खेळाडूचं लिहिलेलं दुसऱ्याला सांगता येत नाही, मग ती आई का असेना.

मी खात्री केल्याशिवाय कोणाकडे जात नाही. म्हणून टेस्ट सर्व्हरवर गेले. मी मानखुर्दची, घर बौद्ध. संध्याकाळी विहारात त्रिशरण म्हणतात ते मी बोलायला लागल्यापासून म्हणते आहे: बुद्धं सरणं गच्छामि, मग धम्म, मग संघ, आणि मग दुसऱ्यांदा, मग तिसऱ्यांदा. तीनदा म्हणायचं, कारण एकदा म्हणून मन जागेवर येत नाही, असं आमचे भन्ते सांगायचे. मी ते टाइप केलं. माझ्या स्क्रीनवर ओळी एकाखाली एक नीट उतरल्या.

‘‘गिरीश, आलं?’’

‘‘दुसऱ्यांदापर्यंत आलं. पुढे शांतता.’’

‘‘मला तर दिसतंय.’’

‘‘तुला दिसणारच ना ताई. तू म्यूट आहेस.’’ मग तो स्वतः टाइप करायला लागला. आरतीचं ध्रुपद. प्रत्येक कडव्यानंतर तेच येतं. तोही गेला. अय्यर सर कॉफीचा कप घेऊन मागे येऊन उभे होते, ते कधी आले कळलं नाही. त्यांनी कप ठेवला, पूर्वाच्या खुर्चीवर बसले आणि ‘नमः शिवाय’ लिहीत राहिले. मग म्हणाले, ‘‘मी दिसतोय का?’’

‘‘नाही सर.’’

‘‘बरं.’’

पूर्वाने आणखी एक होडी घेतली आणि शाळेत पाठ केलेली रोझरी. थोड्या वेळाने कोणी उठेना. दुपार होती, काचेवर ऊन होतं. टेस्ट सर्व्हरच्या खाडीत आमच्या होड्या एकमेकींना जवळजवळ टेकून उभ्या होत्या. प्रत्येक जण आपापलं म्हणत होता आणि कोणालाच कोणाचं ऐकू येत नव्हतं. (आम्हा बौद्धांत देव नाही, पण तो फरक बॉटला कुठला कळायला.) ‘प्रेमाने’चा कॉलम आम्ही शिव्यांना दिला होता. शिव्या सोडून माणसं आणखी काय परत परत म्हणतात, हे आमच्यापैकी एकालाही सुचलं नव्हतं, आणि घरी रोज तेच कानावर पडत होतं.

पूर्वाने रेजिनाबाईंना फोन केला, स्पीकरवर.

‘‘आंटी, तुमचा मुलगा गप्प नव्हता. सिस्टिमने तुम्हाला म्यूट केलं होतं. आता आम्ही तो काढतोय.’’

‘‘कोणी केलेलं?’’

‘‘बॉटने. म्हणजे कॉम्प्युटरने.’’

पलीकडे कोंबड्या ओरडत होत्या. बाई म्हणाल्या, ‘‘त्यानंच सांगितलं ना तुम्हाला असं बोलायला? म्हातारीला कायतरी सांगा म्हणून. माझा राग आलाय त्याला, मला म्हायती हाय. होडीचा.’’

मग त्यांनी सांगितलं, विचारलं नव्हतं तरी. नवरा गेल्या डिसेंबरात गेला. मासेमारीची होडी दारात उभी राहून कुजायला लागली. त्यांनी ती विकली, मुलाला न विचारता. जोएल मालवाहू जहाजावर फिटर आहे. त्याला ते दुसऱ्याकडून कळलं. तेव्हापासून त्याने आईचा फोन घेतला नाही. पण गेममध्ये एक दिवस त्याने होडी रंगवली, बापाच्या होडीसारखी, तेच नाव दिलं आणि आईला आत बोलावलं. तिथे भांडण नव्हतं. होडीचा विषय नव्हता. संध्याकाळी दोघांनी येऊन बसायचं आणि रोझरी म्हणायची, बाप असताना म्हणायचे तशी. एवढंच त्यांच्यात उरलं होतं.

‘‘आता तेपण नाय,’’ त्या म्हणाल्या. ‘‘त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपतंय. पुढच्या पोर्टला उतरून घरी यायचं की परत सही करून तिथंच राहायचं, ते त्याला ठरवायचंय. बापाच्या वर्षाच्या मिसाला येणार होता, चर्चमधल्या प्रार्थनेला. आता नाय येणार. आईनं प्रार्थना पण सोडली असं वाटलं असंल त्याला, नायतर मीच नकोशी झाले असंल. दोन्हीत येणार नाय.’’

पूर्वाने माझ्याकडे बघितलं. मी लिहिलं: ‘जोएल. पुढचं पोर्ट. सहीच्या आधी.’

म्यूट काढायला गिरीशला एक क्लिक लागली. पण अडवलेल्या ओळी परत जात नाहीत. त्या राखाडीच राहतात. म्यूट काढला की फक्त यापुढचं पोचतं. जोएलच्या गेममधल्या इनबॉक्समध्ये आम्ही कंपनीचा मेसेज टाकला, काय झालं ते साध्या शब्दांत. मेसेज न वाचलेला राहिला. इतके दिवस किनाऱ्याजवळून जाणारं जहाज आता भर समुद्रात गेलं होतं, तिथे नेटवर्क नव्हतं.

दुसऱ्या दिवशी क्लायंटचा कॉल. हजर तेच, अधिक क्लायंटकडचा प्रॉडक्टचा माणूस.

‘‘दोन युजर्ससाठी नियम बदलायचा?’’ तो म्हणाला. ‘‘डिसेंबरचा कंदील इव्हेंट तोंडावर आहे. विकणारे परत आले तर वाट लागेल आपली.’’

‘‘दोन नाहीत,’’ मी म्हणाले. ‘‘अडवलेल्या माणसांत कॉइन न विकणारे बरेच आहेत. आम्ही बघतोय.’’

‘‘मग म्यूट दाखवा म्हणताय? त्यांना सांगा, तुम्ही म्यूट आहात? मग सायलेंट कशाला ठेवलाय?’’

अय्यर सर साधारणपणे क्लायंटला ‘शुअर’ म्हणतात आणि नंतर मला बघून घ्यायला सांगतात. या वेळी म्हणाले, ‘‘एक काम करू. बंद होडीत, जिथे सगळे एकमेकांच्या ओळखीचे आहेत, तिथे परत परत आलेली ओळ मोजायची नाही. तिथे कोणी कोणाला कॉइन विकत नाही. हे आजच लावतो. म्यूट दाखवायचं की नाही, ते इव्हेंटनंतर बोलू.’’

‘‘रिस्क तुमची.’’

‘‘आमचीच,’’ सर म्हणाले. कॉल संपल्यावर त्यांनी मला विचारलं, ‘‘त्या बाईंना पटलं का?’’

‘‘नाही. त्यांना वाटतं मुलाने आपल्याला खोटं बोलायला लावलंय.’’

‘‘मग जाऊन दाखवून ये ना. मढ काय लांब आहे? फोनवर म्यूट समजावता येत नाही. मला बायको समोर असून समजावता येत नाही.’’

गुरुवारी दुपारी पूर्वा आणि मी रिक्षाने वर्सोव्याच्या जेट्टीला गेलो आणि फेरी घेतली. पाच मिनिटांचं पाणी. समोरचा किनारा इतका जवळ की हाक मारली तर ऐकू जावी, तरी मधे पाणी आहे म्हणजे आहे. होडीत दोन बायका मासळीच्या रिकाम्या टोपल्या घेऊन परत चालल्या होत्या, एक मुलगी मोटरसायकलला टेकून झोपली होती. ऊन तिरकं झालेलं. मला क्षणभर वाटलं आपण टेस्ट सर्व्हरवरच आहोत आणि कोणीतरी हाक मारेल. पूर्वाने पाण्यात बोटं बुडवली, वास घेतला आणि म्हणाली, ‘‘खरी आहे.’’

रेजिनाबाईंचं घर बैठं, बाहेर पडवी, कोपऱ्यावर गावचा क्रूस, त्याला झेंडूची माळ. शूटिंगच्या बंगल्याकडे जाणारी एक व्हॅन वाट विचारायला थांबली. बाईंनी तिला न उठता हातानेच रस्ता दाखवला. साठीच्या, ताठ. आम्हाला चहा आणि फुगे दिले. तळलेल्या गोल पावासारखे असतात, आतून पोकळ. खाऊन झाल्याशिवाय बोलू दिलं नाही.

मी दोन फोन पडवीतल्या टेबलावर शेजारी ठेवले. एक माझा, एक पूर्वाचा. दोन्हीवर जुना बॉट लावून आणला होता. ‘‘आंटी, हे तुम्ही समजा. हे तो. आता तुम्ही लिहा.’’

त्यांनी चष्मा घातला आणि एका बोटाने लिहिलं. नमो मरिये. दुसऱ्या फोनवर आलं. पुन्हा लिहिलं. आलं. पुन्हा लिहिलं. त्यांच्या फोनवर ओळ होती. शेजारच्या फोनवर फक्त पाणी हलत होतं.

त्यांनी शेजारचा फोन उचलला, उलटा केला, सुलटा केला. परत लिहिलं. मग दोन्ही फोन एकमेकांना चिकटवून ठेवले, जणू जवळ आणल्यावर जाईल.

‘‘नाय जात,’’ त्या म्हणाल्या.

‘‘नाही जात.’’

‘‘म्हणजे माझं त्याला दिसत नव्हतं.’’

‘‘नव्हतं.’’

‘‘आणि त्याचं? तो काय बोलत होता?’’

इथे मला थांबावं लागलं. ‘‘त्याने काय लिहिलं ते मी सांगू शकत नाही, आंटी. तसा नियम आहे. एवढंच सांगते, गप्प करायचा नियम दोघांना सारखाच लागला.’’

त्यांनी माझ्याकडे बराच वेळ बघितलं. शाळेत बाई बघतात तसं, उत्तर बरोबर आहे पण कॉपी तर नाही ना, अशा नजरेने. मग चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला. ‘‘मग तो बोलत होता,’’ त्या म्हणाल्या. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

‘‘चांगली हायस तू,’’ त्या म्हणाल्या. ‘‘पण तुमचं मशीन बावळट हाय. आमच्या फादरना विचारायचं होतंत, त्यांनी सांगितलं असतं. ते पण दर रविवारी तेच बोलतात.’’

पूर्वाला ठसका लागला.

आम्ही निघेपर्यंत त्या स्वतःच्या फोनवर ‘जीवनज्योत’मध्ये जाऊन बसल्या होत्या. समोरची जागा रिकामी होती. ‘‘येईल,’’ पूर्वा म्हणाली. पडवीतून खाडी दिसत नव्हती, पण उजेड दिसत होता, आणि फोनमधला उजेड अगदी त्याच रंगाचा होता.

तो त्या संध्याकाळी आला नाही. दुसऱ्याही नाही. ‘बघणे’ अजून माझ्या नावावर होतं, म्हणून रोज ऑफिस सुटताना मी डॅशबोर्डवर ती होडी बघत होते. आता मजकूर बघायचं कारण नव्हतं, म्हणून मजकूर बंद केला होता. नुसते कंदील दिसत. होडीत जितकी माणसं, तितके कंदील. रोज एकच कंदील लागायचा, बराच वेळ राहायचा, विझायचा.

‘‘होप्स कमी ठेव ताई,’’ गिरीश म्हणाला. ‘‘त्याने रागावून गेम काढूनच टाकला असेल.’’

‘‘तू काढला असतास?’’

‘‘मी आईचा फोन एकदा महिनाभर घेतला नव्हता,’’ तो म्हणाला. मग लगेच ‘‘पण ते वेगळं होतं,’’ आणि हेडफोन लावले. संध्याकाळी लिफ्टमध्ये तो मालवणीत कोणाला तरी सांगत होता की हो, जेवलो, हो, पोळीभाजी, आणि का फोन केला म्हणजे काय, असाच.

पुढच्या आठवड्यात एक दिवस, साडेसहाचा सुमार, मी बॅग भरत होते. पूर्वाने हाक मारली नाही, नुसता माझा दंड धरला. ‘जीवनज्योत’मध्ये दोन कंदील होते.

बराच वेळ काहीच झालं नाही. दोघं नुसते बसून होते. मग डाव्या बाजूला एक शब्द उमटला: ‘पोचलं’. ओळ अडली नाही, पलीकडे गेली, की डॅशबोर्ड तेवढंच दाखवतो. मग उजव्या बाजूला: ‘पोचलं’. डावीकडे. उजवीकडे. काय लिहिलंय ते आम्हाला दिसत नव्हतं आणि दिसायला नको होतं. गिरीश येऊन उभा राहिला. अय्यर सर दारात थांबले, बॅग खांद्यावर. डावीकडे, उजवीकडे, एका लयीत, मधे थोडं थांबून पुन्हा. दहाचा एक फेरा झाला असणार. बॉट जागेवर होता, सगळं बघत होता आणि काही करत नव्हता. बाहेर मेट्रो गेली तेव्हा मजला किंचित हलला, आणि मला वाटलं होडीच हलली.

‘‘चला,’’ सर म्हणाले. ‘‘दुसऱ्याच्या घरात किती वेळ उभं राहणार?’’

दोन दिवसांनी रेजिनाबाईंचा फोन आला, थेट मला.

‘‘बोलला तो. फोनवर पण बोलला, होडीचं पण बोलला. रडला जरा. मी पण.’’

‘‘छान झालं आंटी. मग येतोय ना मिसाला?’’

‘‘नाय. सही केली त्यानं. पोर्टला जहाज लागलं, सही केली, मग फोनला नेटवर्क आलं आणि तुमचा मेसेज वाचला.’’ त्या शांतपणे बोलत होत्या. ‘‘आता पुढच्या वर्षी. बापाचं वर्षाचं मिसा मी एकटी करणार. तो फोनमधल्या होडीत असंल तेव्हा.’’

मी सॉरी म्हणाले. त्या म्हणाल्या, सॉरीचं काय करू, मग म्हणाल्या, ‘‘एक काम कर माझं. तो तेव्हा जे लिहीत होता ना, मला दिसलं नाय ते. ते मला पायजे. सगळं. तो हो म्हणाला हाय.’’

जोएलचा मेलही आला, दोनच ओळींचा: आईला द्या, माझी परवानगी आहे.

कंदील इव्हेंट झाला. विकणारे आले, पण झेपले. बंद होडीतल्या ओळी आता मोजल्या जात नाहीत. म्यूट झालेल्याला ते सांगायचं, हे क्लायंटने अखेर मान्य केलं, कॉइन विकणारे सोडून. या सगळ्यातून मी एकच गोष्ट आमच्या चेकलिस्टमध्ये घातली, आणि ती कुठल्याही कामाला लागू आहे: कोणाला गप्प केलंत तर त्याला तसं सांगा. नाहीतर तो समोरच्याला दोष देतो, आणि समोरचा त्याला.

बाकी कामं बंद झाली. एक उघडं आहे. अडवलेल्या ओळी खेळाडूला द्यायच्या का, याची पद्धतच क्लायंटकडे नाही. आजवर कोणी मागितल्याच नव्हत्या. माझी विनंती त्यांच्या लीगल विभागाकडे गेली आहे. मी दर सोमवारी आठवण करते, ते दर सोमवारी ‘अंडर रिव्ह्यू’ लिहितात. जुना डेटा ठराविक काळाने आपोआप पुसला जातो, म्हणून ‘जीवनज्योत’चा पुसू नये असं गिरीशने हाताने लावून ठेवलं आहे आणि दोनदा तपासलं आहे. त्यात बहुतेक प्रार्थनाच आहे. एक ओळ प्रार्थनेची नाही. होडीबद्दलची आहे, आईला उद्देशून. ती काय आहे हे मला माहीत आहे आणि मी इथेही लिहिणार नाही, कारण ज्यांच्यासाठी आहे त्यांनी ती अजून वाचलेली नाही.

आजच्या मिनिट्समध्ये: रेजिना, मढ. राखाडी ओळी पोचवणे. सुजाता. बाकी.